वाकड्या शेपटाचा भुऱ्या

आमच्या घरी कुत्रा विकत आणला किंवा कोणाकडून मागून आणला, असं कधी झालं नाही. कुत्रा आपणहून यायचा. धान कापणीच्या दिवसांत गावातली एखादी कुत्री कोणाच्या तरी सांदवाडीत, जुन्या तणसाच्या ढिगात व्यायची. महिना-दीड महिन्यानं पिल्लं गावभर फिरायला लागायची. त्यातलं एखादं ज्या घरापुढं पेजेचं भांडं पुन्हा पुन्हा मिळे, त्या घरापुढं थांबायचं. कोणत्या घरी राहायचं हे पिल्लूच ठरवी, आणि त्यानं ठरवलेलं घरच्यांना फार उशिरा कळे.

१९७८ च्या दिवाळीनंतर असंच एक भुऱ्या रंगाचं पिल्लू आमच्या सपरीसमोर येऊन बसलं. मी तेव्हा चौथीत होतो. मी त्याला उचलून आत न्यायला गेलो, तर ते हातातून निसटलं आणि चार पावलं लांब जाऊन परत बसलं. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा तेच. खाटेवर बसलेला माझा आजा हे पाहत होता. तो म्हणाला, "आला तं राहू दे त्याले. पन आपला म्हनू नोको. आपुन त्याचे आहो, इतकंच."

आज्याच्या या बोलण्याचा अर्थ मला पुढची सात वर्षं थोडा थोडा कळत गेला. पुरता कळला तेव्हा उशीर झाला होता.

आमचं गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल आणि मध्ये तलावाची पाळ. त्यावेळी गोंदिया जिल्हा झालेला नव्हता; तो १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघाला. आज्याच्या हयातीत हे गाव मध्य प्रांतात होतं, मग मध्य प्रदेशात गेलं, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात आलं. आजा हसून म्हणायचा, सरकार चार वेळा बदललं, पण रात्री पाळीवर भुंकणारा कुत्रा तोच राहिला.

भुऱ्या मोठा झाला तो गावठी कुत्रा होतो तसाच. मध्यम बांधा, आखूड केस, उभे कान, अरुंद तोंड आणि पाठीवर विळ्यासारखं वळलेलं शेपूट. त्याला हाक मारली की तो आधी थांबायचा. मान वळवून पाहायचा. हाक कशासाठी आहे याचा विचार करायचा आणि पटलं तर यायचा. नाही पटलं तर आपल्या वाटेनं निघून जायचा. त्यात राग नव्हता की लबाडी नव्हती. तो सरळ सरळ नकार होता. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण आपल्याकडे माणसाच्या खोडीवरून वापरतात. भुऱ्याला पाहिल्यावर मला वाटायचं, ही म्हण करणाऱ्यानं नळीचाच विचार केला, शेपटाचा केलाच नाही.

एका उन्हाळ्यात नागपूरचा माझा चुलतभाऊ त्याचा अल्सेशियन कुत्रा घेऊन आला. 'बैस' म्हटलं की तो बसे, 'थांब' म्हटलं की जीव गेला तरी हलणार नाही. सारं गाव सपरीपुढं गोळा झालं. मला भुऱ्याची लाज वाटली. मी सर्वांसमोर ओरडलो, "भुऱ्या, बैस!" भुऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, जांभई दिली आणि तलावाकडं निघून गेला. लोक हसले. त्या रात्री मी त्याला पेज दिली नाही. तो पेज मागायलाही आला नाही.

पुढे मी शिक्षक झालो, इतिहासाची पुस्तकं हातात आली, तेव्हा या दोन कुत्र्यांतला फरक कळला. अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड. त्याची जात १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्स नावाच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यानं ठरवून उभी केली. मेंढ्या राखणारी चांगली कुत्री निवडली, त्यांची वीण लिहून ठेवली आणि माणसाचं ऐकणारा कामाचा कुत्रा तयार केला. म्हणजे ती जात सव्वाशे वर्षांची. आमच्या भुऱ्याला मात्र कोणी घडवलं नव्हतं. त्याच्या आईबापांची जोडी कोणी जुळवली नव्हती. जगातली बहुसंख्य कुत्री आजही अशीच आहेत, माणसाच्या वस्तीला धरून राहणारी, पण आपली वीण आपणच ठरवणारी. आफ्रिकेतल्या खेड्यांत पाहा की आग्नेय आशियातल्या, जिथं माणसानं हात घातला नाही तिथं कुत्रा बहुधा याच रूपाला येतो. हजारो पिढ्यांत जे पिल्लू दुसऱ्याच्या हुकमावर विसंबलं ते गेलं, जे स्वतःच्या नाका-कानावर विसंबलं ते राहिलं. त्या हट्टाच्या जोरावरच ही जात टिकली.

आपल्या महाराष्ट्रात या सोबतीचा मोठा पुरावा आहे. १९७४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला एक शेतकरी झुडपाचं मूळ खणत होता, तेव्हा त्याला ब्राँझच्या चार जड वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ. त्या चार हजार वर्षांच्या आसपासच्या असाव्यात असं अनेक अभ्यासक मानतात. रथाला दोन बैल जुंपलेले आहेत, मागं माणूस उभा आहे, आणि दोघांच्या मध्ये रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. या रथाचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पाहत राहिलो. बैलांच्या मानेवर जू आहे. कुत्र्याच्या मानेवर नाही. तो आपला बरोबर निघाला आहे.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघ चालून आला तेव्हा खंड्यानं महाराजांना सावध केलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, धर्मराजाच्या शेवटच्या वाटेवर कुत्राच सोबत राहतो. पण हा सगळा मान कथेतला. घरात येऊ पाहणाऱ्या कुत्र्याला आपण 'हाड' म्हणतो. देवाजवळ चालतो, उंबऱ्याच्या आत चालत नाही, अशी त्याची गत.

इंग्रजांनी तर त्याला नावच वाईट दिलं. तमिळ मुलखात ढोल वाजवणाऱ्या एका जातीला परैयर म्हणत. गावानं त्या माणसांना वेशीबाहेर ठेवलेलं. इंग्रजांनी त्यावरून 'पॅरिया' शब्द केला आणि ज्याला मालक दिसत नाही त्या कुत्र्याला तो लावला. एका शब्दात माणसाचाही अपमान झाला आणि कुत्र्याचाही. मुंबईत सरकारनं अशी कुत्री मारायला दर कुत्र्यामागं बक्षीस ठेवलं, तेव्हा जून १८३२ मध्ये पारशी लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. दुकानं बंद झाली, दंगल झाली. पुढे स्वतंत्र भारतातही काही या कुत्र्याचा मान वाढला नाही. २००५ मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली. त्यात मुधोळ होता, रामपूर होता, राजपालयम होता, हिमालयातला मेंढ्या राखणारा होता. गावठी कुत्रा नव्हता. राजेरजवाड्यांनी, मेंढपाळांनी सांभाळलेल्या त्या जाती. याला सांभाळला असं म्हणणारं कोण होतं?

पण आमच्याकडे तो नसता तर धान घरी आलं नसतं. हे समजायला आमचा मुलूख समजला पाहिजे. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात. इथले तलाव कोहळी लोकांनी बांधले. नवेगावचा मोठा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला. सभोवतालच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात, त्यांच्या मधली फट मातीच्या पाळीनं बुजवली आणि पाणी अडलं. अशा लहान-मोठ्या तलावांवर मालगुजारांनी धानशेती वाढवली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, लोक त्यांना अजून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. तलावाला पाणी डोंगरातून येतं, म्हणून शेत जंगलाला चिकटूनच असतं. बांधीच्या धुऱ्यापलीकडं रानडुकराचं घर. धान निसवलं की डुकरांचा कळप एका रात्रीत अर्धी बांधी लोळवून टाकतो.

म्हणून मळ्यावर मारा, म्हणजे मचाण बांधायचा आणि रात्र जागवायची. बाबा आणि मी माऱ्यावर, भुऱ्या खाली. त्याला कोणी राखण शिकवली नव्हती. तो एका जागी बसायचाही नाही. सगळ्या बांध्यांना फेरी घालून यायचा, माऱ्याखाली थोडा टेकायचा, पुन्हा उठायचा. त्याच्या भुंकण्याचे प्रकार मला पाठ झाले होते. डुक्कर आलं की लांब, चढतं, धावत जाणारं भुंकणं. अनोळखी माणूस असला की तुटक आणि एका जागेवरून. आणि बिबट असला की खोल, घशातलं, मागे मागे सरकत येणारं. ते ऐकलं की बाबा टेंभा पेटवून डबा वाजवत. बिबट्याला कुत्रा फार आवडतो, हे गावात सर्वांना ठाऊक होतं. पुढे अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात तिथल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला, ते वाचून मला नवल वाटलं नाही. ज्याला बिबट्या खायला येतो तोच बिबट्या आल्याची वर्दी देतो. पळायला जागा आहे तोवरच त्याला हे काम करता येतं.

१९८१ च्या चैत्रात घडलेली गोष्ट आमच्या घरी अजून सांगतात. मोहफुलाचे दिवस होते. मोहफुलं पहाटे पडतात, उशीर केला तर गुरं-हरणं खाऊन जातात, म्हणून बायका अंधारातच टोपली घेऊन निघतात. आई निघाली, भुऱ्या पुढं. आमच्या मोहाच्या झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर तो थांबला आणि वाटेत आडवा उभा राहिला. आई म्हणाली, "सरक ना रे मुडद्या." तो सरकेना. तिनं काडीनं ढकललं. तो सरकला नाही, भुंकलाही नाही. अंगावरचे केस उभे करून झाडाकडं पाहत राहिला. आईनं दुसऱ्यांदा काडी उगारली, तेवढ्यात झाडाखालचा काळा ढीग हलला आणि अस्वल दोन पायांवर उभं झालं. आई टोपली टाकून मागं फिरली. अस्वल मोहफुलं खाण्यात दंग होतं म्हणून मागं लागलं नाही. मोहाच्या दिवसांत अस्वलानं तोंड फाडलेली माणसं आमच्या भागात कमी नाहीत.

दृष्टिहीनांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांना परदेशात एक गोष्ट मुद्दाम शिकवतात. मालक 'चल' म्हणाला आणि समोरून गाडी येत असली, तर हुकूम मोडायचा. ऐकायचं कसं हे शिकवून झाल्यावर न ऐकायचं कधी हे शिकवावं लागतं. भुऱ्याला ते शिकवावं लागलं नाही. त्याची किंमत मात्र आम्ही दुसऱ्या बाजूनं मोजत होतो. न ऐकणारा कुत्रा सोयीच्या वेळीच न ऐकणारा असेल, असं होत नाही.

पुढच्याच वर्षी रोवण्याच्या दिवसांत शेजारचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा तिन्हीसांजेला आमचं सूप परत करायला सांदवाडीकडून आला. रोजच्या ओळखीचा मुलगा, पण वाट ओळखीची नव्हती. आई ओरडली, मी ओरडलो, भुऱ्यानं कोणाचं ऐकलं नाही. पोटरीत दात रुतले. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी काढलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत ती आपल्याकडे बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचल्या की भागतं. चावल्यावर जखम साबणानं, वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची, हेही आता शाळेतली पोरं सांगतात. आम्ही तेव्हा हळद भरली. बाबा ऐन रोवण्यात चौदा दिवस त्या मुलाला सायकलवर बसवून दवाखान्यात नेत राहिले. आमचे पऱ्हे पिवळे पडले. शेजारी पोळ्यापर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. भुऱ्याला मारून टाका असं गावात चार जण म्हणाले आणि त्यांचं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पिसाळण्यावर औषध नाही, एकदा लक्षणं दिसली की माणूस हाती लागत नाही. बाबांनी दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवली. तो धडधाकट राहिला म्हणून वाचला.

खरी अडचण मात्र जंगलाच्या बाजूनं आली. आज्याच्या तरुणपणी कुत्री घेऊन रानात जाणं हा गुन्हा नव्हता. डुकराला कुत्र्यांनी घेरायचं, माणसांनी भाल्यानं मारायचं, वाटे करायचे, त्यात एक वाटा कुत्र्यांचा. जंगलातल्या रानकुत्र्याला तर सरकारच उपद्रवी समजे. त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळे. आजा भुऱ्याला रानकुत्र्याचा नातू म्हणायचा, रंगावरून. ते काही खरं नव्हतं. घरचा कुत्रा लांडग्याच्या कुळातला. रानकुत्रा वेगळ्याच कुळाचा, त्याला दात चाळीस, कुत्र्याला बेचाळीस. तो भुंकत नाही, शीळ घातल्यासारखा आवाज करतो. दोघांची वीण जुळत नाही.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. ज्याच्यावर बक्षीस होतं तो रानकुत्रा आता राखायचा झाला. नागझिरा १९७० मध्येच अभयारण्य झालं होतं, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. मारुती चितमपल्ली त्या काळात नवेगावला वनाधिकारी होते. पुढे त्यांच्या पुस्तकांमुळे आमचा तलाव आणि तिथले पक्षी महाराष्ट्रभर ठाऊक झाले. जंगल राखलं गेलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण कायदा माणसाला वाचून दाखवता येतो.

१९८५ च्या पावसाळ्याअखेरीस भुऱ्यानं चितळाचं पाडस मारलं आणि ओढत आणून तलावाच्या पाळीवर टाकलं. त्याच्या हिशेबानं तो वाटा आणला होता. दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला. भला माणूस होता. म्हणाला, "भाऊ, या वेळी मी बोलून जातो. पुन्हा झालं तर केस होईल. कुत्रा बांधा." बाबा म्हणाले, "कायदा मले समजते साहेब. पन याले कोन समजावनार?" वनरक्षक म्हणाला, "म्हणून तर बांधा म्हणतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मोकळी कुत्री चितळ-भेकराच्या पिल्लांच्या मागं लागतात, आपले रोग जंगलात नेतात. बाबांनी त्याला दोरीनं बांधलं, त्यानं रात्रीत दोरी कुरतडली. मग उनाड गुरांच्या गळ्यात अडकवतात तसं लाकडाचं लोढणं अडकवलं. पळताना ते पायात येतं, म्हणजे हरणामागं धावता येणार नाही. भुऱ्या लोढण्यासकट पाळीवर जाऊन बसला. तीन दिवस घरी आला नाही, खाल्लं नाही. मी भाकर घेऊन गेलो तर मान फिरवली. चौथ्या दिवशी आई गेली, लोढणं काढलं आणि त्याला घेऊन आली.

मग आईनंच तोड काढली. चितळं बांधीत उतरतात ती तिन्हीसांजेला आणि पहाटे. त्या दोन वेळी ती भुऱ्याला साखळीनं सपरीच्या खांबाला बांधी. रात्रीची जेवणं झाली की साखळी काढी. पहाटे पुन्हा बांधी, उन्हं आली की सोडी. नवल म्हणजे भुऱ्यानं हे कबूल केलं. तिच्या हातून साखळी घालून घ्यायला तो मान पुढं करी. पण फक्त तिच्याच हातून. मला वाटायचं, आईनं त्याला वळण लावलं. खरं म्हणजे त्या दोघांचा करार होता. बांधणाऱ्यानं वेळेवर सोडायचं, हा त्यातला तिच्या बाजूचा भाग. ती एकदाही चुकली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी कॉलेजातून आलो. गोंदियाहून छोट्या रेल्वेनं अर्जुनी, तिथून सायकल. सभोवतालच्या गावांच्या मंडया सुरू झाल्या होत्या, आई मावशीकडं मंडईला गेली. जाताना मला सांगून गेली, जेवणं झाली का त्याले सोडजो. संध्याकाळी मी भुऱ्याला बांधलं. त्यानं मान पुढं केली नाही, मीच ओढून साखळी घातली. जेवणं झाली. बाहेर आलो तर बांधीकडून चितळांचा आवाज येत होता. मला वनरक्षकाचे शब्द आठवले. केस झाली तर बाबांचं काय, माझ्या शिक्षणाचं काय, असा सगळा शहाणपणाचा विचार मी केला. म्हटलं, एक रात्र राहू दे. आणि सोडलं नाही.

तो भुंकत राहिला. सोड म्हणून भुंकतो आहे, हे मला कळत होतं. म्हणून मी पांघरूण डोक्यावर घेतलं. मध्यरात्रीनंतर केव्हा तरी भुंकणं बदललं. खोल, घशातलं. ते मी ओळखत होतो, माऱ्यावर शंभर रात्री ऐकलं होतं. फक्त या वेळी ते मागं मागं सरकत नव्हतं, कारण सरकायला साखळी चार हातांचीच होती. मी अर्धवट झोपेत मनाशी म्हटलं, अजून चिडलाच आहे. मग एकदम शांत झालं. त्या शांततेनं मी उठलो.

टेंभा घेऊन बाबा आणि मी बाहेर आलो तेव्हा खांबाजवळ साखळी ताणलेली पडली होती. चामड्याचा पट्टा तुटला होता. सारवलेल्या अंगणात ओढत नेल्याची रेघ होती, ती तलावाच्या पाळीपर्यंत गेली होती. पुढं गवत होतं.

दुसऱ्या दिवशी आई आली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती रागावेल, रडेल. तिनं अंगणातली रेघ पाहिली, शेणाचा सडा घेतला, सारवायला बसली. सारवता सारवता माझ्याकडं न पाहता म्हणाली, "त्यानं तुले कितीदा सांगतलं, मले बांधू नोको म्हून." आणखी काही बोलली नाही. त्यावर्षी नाही, त्यानंतरही नाही.

मोकळा असता तर भुऱ्या वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. मोकळी कुत्रीही बिबट्या नेतोच. वनरक्षकाचं चुकलं असंही म्हणत नाही. चितळाच्या पाडसालाही आई असते. चूक माझी होती, आणि ती बांधण्याची नव्हती, न सोडण्याची होती. जो कुत्रा स्वतःच्या अकलेवर जगतो, त्याची अक्कल आपण साखळीनं काढून घेतली, तर तिच्या जागी आपली अक्कल पहाऱ्याला उभी करावी लागते. मी त्याचं शहाणपण काढून घेतलं आणि स्वतः पांघरूण घेऊन झोपलो.

आता नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, डिसेंबर २०१३ पासून. जंगलात कुत्रा शिरू नये याची काळजी पूर्वीपेक्षा जास्त घ्यावी लागते, आणि मी ती घेतो. आमच्याकडे सध्या काळी आहे. ती पाच वर्षांपूर्वी अशीच आपणहून आली. तिचं ऑपरेशन केलं, दरवर्षी न चुकता लस टोचून आणतो, गावातल्या पोरांना इतर घरच्या कुत्र्यांची लस करायला सोबत नेतो. तिन्हीसांजेला तिला साखळी न घालता बैलांच्या कोठ्यात घेतो आणि दार लावतो. कोठ्याला चारही बाजूंनी भिंत आहे. पहिले काही दिवस ती आत यायला तयार नव्हती. मी तिच्याबरोबर आत जाऊन बसायचो, ती बसली की उठायचो. महिन्याभरात ती स्वतःच येऊ लागली. सकाळी उन्हं आली की मी दार उघडतो. ताप असो, पाऊस असो, घरी पाहुणे असोत, ती वेळ मी टळू देत नाही.

मागच्या हिवाळ्यात एकदा संध्याकाळी मी शाळेच्या कार्यक्रमातून उशिरा आलो. अंधार पडला होता. काळी सपरीसमोर बसली होती. मी म्हटलं, "चाल, कोठ्यात चाल." तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि मग उठून आपल्या पायांनी कोठ्याकडं निघाली. शेपूट पाठीवर विळ्यासारखं वळलेलं. मी मागं मागं गेलो आणि दार लावलं.